न तपासलेली टाकी

थांबआक्काचं खरं नाव विचारलंत तर आमच्या वस्तीतली निम्मी माणसं डोकं खाजवतील. बोलायला तोंड उघडलं की तिचा पहिला शब्द ठरलेला. भांडण जुंपलेलं असो, कुणी रागाच्या भरात हातोडी घेऊन निघालेलं असो, आक्का हात वर करायची आणि म्हणायची, थांबा जरा. आणि माणसं थांबायची. का थांबायची ते त्यांनाही सांगता यायचं नाही. तिच्या आवाजात कसला आलाय धाक, बसकाच होता तो. पण थांबायची खरी, आणि थांबली की अर्धं भांडण तिथेच विरायचं.

धंदा तिचा हवा भरण्याचा. आमची वस्ती खडकाच्या पोटात कोरलेली. बाहेर दिवसासुद्धा आकाश काळं, श्वासाला हवा नाही. आत खोल्यांमध्ये यंत्र हवा पुरवतं, तिथे मोकळेपणी वावरता येतं. पण खाणीत किंवा जुन्या बोगद्यांत जायचं तर पाठीवर टाकी आणि तोंडावर मुखवटा. या टाक्या आक्काच्या शेडमध्ये भरल्या जायच्या. तीस वर्षं तिने तेच केलं. टाकी हातात घेतली की मीटरचा काटा न बघता सांगायची, ही पाऊण आहे, ही निम्मी आहे, हिची झडप गळतेय. शेजारी मोठा पंप सांभाळणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे पंपवाला म्हणायचे. तो मुद्दाम अर्ध्यामुर्ध्या टाक्या तिच्या हातात देऊन बघायचा. एकदाही फसली नाही बाई.

टाकी भरायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात आलेल्या माणसाशी बोलायचं काय? हवापाण्याच्या गप्पा मारायला इथे हवाही यंत्राची नि पाणीही यंत्राचं. मग आक्का विचारायची, तुला राग येतो तो नेमका कुठे येतो रे, पोटात की डोक्यात? समोरच्याने तुझं काही घेतलं आणि तू त्याचं डोकं फोडलंस, तर घेतलेलं परत आलं का? माणूस हसायचा, आणि टाकी भरून झाली तरी तिथेच उभा राहायचा. तिला जे सुचेल ते ती शेडच्या भिंतीवर खडूने लिहायची आणि महिन्याने पुसून टाकायची. का पुसतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, जो विचार पुसता येत नाही त्याची भीती वाटते मला.

कुणी तिला तत्त्वज्ञ म्हटलं तर पदराला तोंड पुसत हसायची. म्हणायची, मी टाक्या भरते, मधल्या वेळात डोकं रिकामं असतं, एवढंच.

पण हे सगळं फुकाचं आलेलं नव्हतं. आमच्या खाली त्याच खडकात दुसरी वस्ती आहे. दोन्हींच्या मध्ये बर्फाचा एक थर आहे, आणि पाणी म्हणजे तो थर. त्याच्यावरून तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी मारामारी झाली, तीत आमचे चार गेले, त्यांचे पाच. आमच्या चौघांत आक्काचा नवरा होता. त्याला आणून ठेवला तेव्हा वस्तीतले जवान पहारी घेऊन तिच्या दारात उभे होते, तिने नुसती मान हलवायचा अवकाश. आक्का बाहेर आली. डोळे कोरडे. हात वर केला आणि म्हणाली, थांबा. तो तिचा पहिला थांबा. तिची सासू मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही त्यावरून.

मग वर्षभराने तिने बैठकीची रीत घालून दिली. दोन्ही वस्त्यांच्या मध्ये जुन्या बोगद्यात एक खोली आहे, तिला मधली खोली म्हणतात. आता नावालाच मधली. आमच्या दारापासून दहा पावलांवर, आणि खालच्यांना मात्र चाळीस मिनिटं चढून यावं लागतं. तिथली हवा विषारी, मुखवट्याशिवाय बसता येत नाही. आक्का म्हणाली, वर्षातून एकदा दोन्हीकडची सात-सात माणसं इथे बसतील, हत्यार न आणता, आणि पाण्याची वाटणी ठरवतील. पण आपापल्या टाक्या लावून नाही. आपण त्यांच्यासाठी भरायच्या, त्यांनी आपल्यासाठी. आल्याआल्या टाक्या बदलायच्या आणि परत जातानाही त्याच लावून जायचं, रिकाम्या मागाहून ज्याच्या त्याला पोचत्या करायच्या. ज्याच्या हातात आपला श्वास आहे त्याच्यावर ओरडता येत नाही, असं तिने त्या महिन्यात भिंतीवर लिहिलं होतं.

आणि एक नियम तिने आणखी घातला. दिलेली टाकी तपासायची नाही. मीटरवर कापडाची टोपी बांधायची, गाठ मारायची, आणि ती गाठ कुणी सोडायची नाही. चौदा टोप्या तिने स्वतः शिवल्या. पंपवाला तेव्हाच बोलला होता. म्हणाला, अगं बाई, विश्वास ठेव पण काटा बघ, काटा बघितल्याने कुणाची अब्रू जात नाही. आक्का ऐकेल तर शपथ. तपासून ठेवलेला विश्वास म्हणजे नुसता हिशेब, म्हणाली. पंपवाल्याने कानाला खडा लावला नि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

आणि जमलं की हो! एकोणीस वर्षं जमलं. खालून येणाऱ्यांत एक सुईण असायची, आक्काच्याच वयाची, तोंडाने फटकळ. आक्का आणि ती एकमेकींची टाकी लावायच्या. सुईणीची टाकी हिरवी, एका अंगाला चेपलेली. आक्का दर वर्षी म्हणायची, बाई, नवी घे की आता. सुईण म्हणायची, तुझं थोबाडही चेपलंय, तुला बदलली का कुणी? दुसरा असायचा कातारी, लेथवर लोखंड कातणारा, दाराएवढा माणूस, हात असे की एका हातात दोन मुखवटे मावतील. त्या मारामारीत त्याने आमचा एक जण मारला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या बैठकीला तो आक्कासमोर मान खाली घालून बसला होता. पाचव्या-सहाव्या वर्षी तिच्यासाठी त्याने टाकीच्या झडपेचा पितळी दट्ट्या कातून आणला. ती तो रोज वापरायची.

आता धाकट्याचं सांगतो. धाकटा म्हणजे आक्काचा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तिने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. हुशार होता, गोड बोलायचा, आणि आक्काची वाक्यं त्याला तोंडपाठ. लोकांना वाटायचं, आक्काचाच भाऊ, म्हणजे आक्काच. याच भांडवलावर तो वस्तीचा प्रमुख झाला. निवडून आला त्या दिवशी सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला, तेव्हा पंपवाल्यासकट सगळ्यांचे डोळे पाणावले होते. मी खोटं का बोलू, माझेही पाणावले.

त्या वर्षी बर्फाचा थर पातळ झालाय असं कळलं. दोन्ही वस्त्यांना जेमतेम पुरेल, कमी वापरलं तर. आक्का म्हणाली, बसू, बोलू, दोघंही थोडं कमी पिऊ. धाकट्यानेही मान डोलावली. बैठकीच्या दिवशी सकाळी आक्का शेडमध्ये आली तर सात टाक्या भरून, टोप्या बांधून रांगेत तयार. धाकटा तिथेच उभा. म्हणाला, आक्का, तुझे गुडघे दुखतात, म्हणून मीच भरल्या रात्री. आक्काला काय वाटलं असेल बघा. एवढा मोठा प्रमुख झाला, पण बहिणीचे गुडघे लक्षात ठेवतो. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

मग सुईणीसाठीची टाकी तिने उचलली. आणि हाताला कळलं.

हलकी होती. तीस वर्षं टाक्या उचललेला हात तो, तो कशाला खोटं सांगेल? आक्का टाकी धरून तशीच उभी राहिली. बोटं गाठीवर गेली. गाठ तिच्या पद्धतीची नव्हती, पण धाकट्याने बांधलेली, त्याला कुठून यायची तशी. सोडून काटा बघावा का? मग नियम कुणाचा? आणि समजा सोडली नि टाकी भरलेली निघाली, तर भावाच्या तोंडाकडे कुठल्या तोंडाने बघायचं? तिने स्वतःची समजूत घातली, की गुडघ्यांसारखा हातही आता म्हातारा झाला असेल. टाकी गाड्यावर ठेवली आणि निघाली.

बैठक सुरू झाली. टाक्या बदलल्या. सुईणीने थोबाडाचा विनोद केला, कातारी हसला. मग धाकटा बोलायला लागला. एरवी दोन वाक्यांत आटपणारा माणूस, त्या दिवशी बोलतोय बोलतोय. मागच्या एकोणीस वर्षांचा इतिहास, आक्काची थोरवी, शांततेचं महत्त्व. आक्काला लाज वाटायला लागली. तासभर झाला असेल, आणि सुईणीच्या टाकीची शिट्टी वाजली.

टाकी संपत आली की शिट्टी वाजते. त्यानंतर पंधरा मिनिटं. भरलेली टाकी तीन तास चालते, म्हणून आधी सगळ्यांना वाटलं शिट्टीच बिघडली. कातारी काही तरी चेष्टेत बोलायला गेला तर त्याची शिट्टी वाजली. मग तिसरी, चौथी. सातही वाजायला लागल्या. आमच्या बाजूची एकही वाजली नाही. खालच्यांनी काठोकाठ भरलेल्या होत्या ना त्या, चढणीची चाळीस मिनिटं जाऊनही त्यांत अजून तासभर हवा होती.

धाकट्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. बर्फाचा सगळा थर वरच्या वस्तीचा, खालच्यांना जमेल तसं पाणी देऊ, असं त्यात लिहिलेलं. शांतपणे म्हणाला, सातही जणांनी सही केली की आमचं दार उघडेल. तुमचं दार चाळीस मिनिटांवर आहे. घाई नाही.

सुईणीने आक्काकडे बघितलं. मुखवट्याच्या काचेतून फक्त डोळे दिसत होते, पण त्या नजरेत काय होतं ते आक्का मरेपर्यंत विसरायची नाही. आणि कातारी उठला. दाराएवढा माणूस तो. टेबल एका हाताने बाजूला सारलं आणि धाकट्याच्या मुखवट्याकडे हात नेला. एक झटका, की मुखवटा हातात आला असता. दार दोन मिनिटांत उघडलं असतं. काचेमागे धाकट्याचे डोळे विस्फारले, तो लहानपणी अंधाराला भ्यायचा तेव्हा विस्फारायचे तसे.

आणि आक्का म्हणाली, "थांबा!"

विचार करून नाही म्हणाली हो. वीस वर्षांची सवय, आणि समोर तिने वाढवलेलं पोर. तोंडातून निघून गेलं. कातारी थांबला. हात तसाच हवेत. तिच्याकडे वळून त्याने फक्त एवढंच विचारलं, "आक्का, अजून थांबू?"

ती काय उत्तर देणार? उत्तर न देणं हेच उत्तर झालं, कारण त्याने हात खाली घेतला. त्यानंतर कुणी उठलं नाही. सह्या झाल्या. सुईणीची सही शेवटची, अक्षर असं की कागद फाटावा.

आमचं दार दुहेरी. मधल्या कप्प्यात एका वेळी दोन माणसं मावतात आणि हवा बदलायला प्रत्येक वेळी चार मिनिटं लागतात. धाकट्याने सगळं मोजून आणलं होतं, एवढं मात्र मोजायचं राहिलं. की राहिलं नव्हतं, देव जाणे. कातारीने आधी बाकीच्यांना दोन-दोन करून पुढे ढकललं, सुईणीला तर उचलूनच आत ठेवलं. शेवटी तो एकटा उरला, टाकी रिकामी. आक्काने आपला मुखवटा काढून त्याच्या तोंडावर धरला. दोघांनी आळीपाळीने एकाच टाकीतला श्वास घेतला, सुईणीच्या त्या चेपलेल्या हिरव्या टाकीतला. पण आमच्याच माणसांनी तिला खोकताना बघितलं आणि मुखवटा पुन्हा तिच्या तोंडावर चढवून, दोघांनी धरून तिला ओढत दाराशी नेलं, आणि एक जण तिला घेऊन आत गेला, तेवढ्यात कप्पा भरला. प्रमुखांची बहीण ना ती. पुढच्या खेपेला दार उघडलं तेव्हा कातारी उंबऱ्याशी पडलेला होता.

वस्तीत म्हणे तो हृदयाने गेला. धाकट्याने तसंच जाहीर केलं. आठ दिवस आक्का अंथरुणातून उठली नाही, आणि तो रोज उशाशी येऊन बसायचा, पाणी पाजायचा, कपाळावर हात ठेवायचा. एक दिवस म्हणाला, "आक्का, कुणी कुणाला बोट लावलं का? रक्ताचा एक थेंब तरी सांडला? हे तुझ्याकडूनच शिकलो मी." तो हे मनापासून म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हीच तर आग होती. परक्याने मारलं तर माणूस सांगतो तरी कुणाला. आपलेच दात नि आपलेच ओठ. केसाने गळा कापला भावाने, तोही बहिणीच्याच केसाने. आक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि पहिल्यांदा हमसून हमसून रडली. नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती इतकी.

उठता येऊ लागल्यावर ती एकटी खाली गेली. स्वतःची टाकी स्वतः भरून, पाठीवर दुसरी, ती हिरवी. चाळीस मिनिटं उतरत गेली त्या गुडघ्यांनी. खालच्या दाराला एक छोटी काच आहे. सुईण काचेशी आली. दार उघडलं नाही. तिने एकच गोष्ट विचारली, "तुला ठाऊक होतं का गं?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर कदाचित दार उघडलंही असतं, कारण सुईणीला तेच ऐकायचं होतं, तिच्या आवाजावरून कळत होतं. आक्का म्हणाली, "हाताला ठाऊक होतं. मी हाताचं ऐकलं नाही."

काचेमागचा दिवा बंद झाला. आक्काने हिरवी टाकी दाराशी टेकवून ठेवली, तिच्या शेजारी तो पितळी दट्ट्या ठेवला, आणि चढायला लागली.

दोन महिन्यांनी धाकट्याने समारंभ केला. मधल्या खोलीला आक्काचं नाव दिलं, आणि आमच्या दारावर तिचं वाक्य रंगवून घेतलं, हातभर अक्षरांत: ज्याच्या हातात आपला श्वास आहे त्याच्यावर ओरडता येत नाही. तेलरंगात. सगळी वस्ती जमली. टाळ्या वाजल्या. आक्का दारासमोर गेली, अंगठ्याने पहिलं अक्षर घासून बघितलं. रंग पक्का होता.

मग तिला आत जाऊन बसायचं होतं, तिच्या नावाच्या खोलीत, पहिली ती. धाकट्याने स्वतःच्या हाताने भरलेली टाकी पुढे केली. नवीकोरी, मीटरवर टोपी, गाठ अगदी तिच्या पद्धतीची. शिकून घेतली होती त्याने. डोळ्यांत पाणीही होतं त्याच्या, आणि ते नाटकाचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन.

आक्काने टाकी घेतली, हातात तोलली. मग पंपवाल्याला म्हणाली, वजनकाटा आण. पंपवाला जागचा हलेना. तिने पुन्हा सांगितलं तेव्हा गेला आणि घेऊन आला. सगळ्या वस्तीसमोर तिने ती टाकी काट्याला टांगली आणि गाठ सोडून टोपी काढली, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. वजन बघितलं. मग मीटर बघितलं. मग पंपवाल्यालाही बघायला लावलं.

"भरलेली आहे," ती म्हणाली.

धाकट्याने सुस्कारा सोडला. हसला. म्हणाला, बघ, आक्का, मी सांगत होतो ना.

"भरलेली आहे," आक्का पुन्हा म्हणाली, आता फक्त त्याच्याकडे बघत. "पण हे मला काट्याने सांगितलं. आता तू पाण्याचा पेला जरी पुढे केलास ना बाळ, तरी मला काटा लागेल."

टोपी घडी करून तिने त्याच्या हातात ठेवली. खोलीत गेली नाही. शेडमध्ये जाऊन तिने भिंत पुसली, आणि त्यानंतर तिथे कधी काही लिहिलं नाही. टाक्या मात्र भरत राहिली, तीन वर्षं, आणि प्रत्येक टाकी देताना समोरच्याचा हात धरून काट्यावर ठेवायची आणि सांगायची, बघ, आधी बघ. कुणी म्हणालं, राहू दे आक्का, तुझ्यावर विश्वास आहे, तर ती टाकी द्यायची नाही.